गोष्ट सांग, विषय नको

मामूंना कुणी आपल्या कथेचा विषय सांगू लागलं, की ते दोन्ही कानांवर हात ठेवत. "विषय नको सांगू बेटा, गोष्ट सांग." अकोल्याच्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेले हे मास्तर, आम्हा लिहिणाऱ्यांचे मामू. रविवारी त्यांच्या ओसरीवर आम्ही कथा वाचायचो आणि बहुतेकदा तोंड पाडून घरी जायचो.

"विषय पाहुण्यासारखा असते," ते म्हणत. "त्याले आणाले स्टँडवर जाऊ नये. घरात काही शिजत असलं, का येते तो आपोआप." मला हे थोतांड वाटायचं. विषयच ठरला नाही, तर लिहायचं काय, कपाळ?

मग मी ताईवर कथा लिहिली. तेल्हाऱ्याला तिच्या साक्षगंधाच्या दिवशी पाहुणे आलेच नाहीत. सोयरीक मोडल्याचा निरोप तेवढा आला. त्यानंतर ताई त्याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. ही कथा वाचून ती माझ्याशी बोलणं टाकेल, अशी धास्ती होती, तरी मी समाजाला चांगलं धारेवर धरलं. मामूंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"राग तुया हाय, बेटा. ताई कुठं हाय याच्यात? निरोप आल्यावर ताई काय करून राहिली होती?"

ताई पोळ्या लाटत होती. पुरण वाया जाईल म्हणून तिने गल्लीतली सगळी पोरं बोलावली, पंगत बसवली आणि आग्रह करकरून वाढलं.

"मंग हेच लिही. रडू नको, भांडू नको."

लिहिलं. रागाच्या जागी कथेत पोरांचा गलका आला, तूप आलं, आणि लिहिता लिहिता कळलं, की ही अपमानाची गोष्ट नव्हतीच. जिला मी बिचारी समजत होते, तिनेच त्या दिवशी घर सावरलं होतं. हे ठरवून मला कधीच लिहिता आलं नसतं. मामूंचे उपकार मानावे तेवढे थोडे.

कथा दिवाळी अंकात आली आणि ताईचा फोन आला. "मले वाटलं, तू मले बिचारी करशीन," ती म्हणाली. मग विचारलं, "कोनं शिकवलं तुले असं? मले भेटव त्याइले."

मामूंना जाऊन तेव्हा महिना झाला होता. तरी ताई आली. मामूंच्या बायकोजवळ, ओळख ना पाळख, मांडी घालून बसली आणि त्या दिवसाचं सगळं सांगू लागली. मामी डोळे पुसत ऐकत होत्या. मीही ऐकत होते. त्यातलं निम्मं मला ठाऊकच नव्हतं.