रागे भरलेला राजा

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. तो आला बाबांकडून. बाबा चामोर्शीकडच्या आमच्या गावात तलावात मासे धरायचे, आणि ते चिडले की पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पाणी भरणाऱ्या बाया घागरी तिथंच टाकून घर गाठायच्या. राग कसा, नाकाच्या शेंड्यावर! मला त्या रागाचा अभिमान होता, आजही आहे.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी सातवीत होते. बाबांनी बजावून ठेवलं होतं, डिप्टी साहेबांनी पास केलं तर पुढं गडचिरोलीला शिक, नाहीतर आईसोबत माशांची टोपली घेऊन बाजारात बस. बाबा एकदा बोलले की बोलले. मला तर शिकायचंच होतं.

डिप्टी म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब. ते आले त्या सकाळी त्यांच्या जेवणासाठी मासे बाबांनीच आणले होते. मासे गुरुजींच्या घरी देऊन ते रिकामी टोपली घेऊन वर्गाच्या दारात उभे राहिले. साहेबांनी इंग्रजीचं पुस्तक माझ्यापुढं धरलं. मी धडाधड वाचत गेले आणि एका राजाच्या गोष्टीत अडकले. आर, ए, जी, ई. हा शब्द कधी पाहिला नव्हता, पण अक्षरं तर येत होती. मी ठणकावून वाचलं, "द किंग वॉज इन अ रागे."

साहेब हसले. साहेब हसले म्हणून गुरुजी हसले, आणि गुरुजी हसले म्हणून अख्खा वर्ग. उच्चार 'रेज' आहे, असं सांगून साहेबांनी शेऱ्याच्या कागदावर पेन टेकवला. मग विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, अर्थ तरी येतो का?

"राजा रागे भरला," मी म्हटलं.

पेन थांबला. हे कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. आता रागे भरायला काय शिकवावं लागतं? आमच्या घरी तर रोजचंच होतं ते. माझं डोकं फिरलं.

"अर्थ बराबर हाये न, साहेब? मंग हासता काऊन? तुमचा हा शब्द आला कुठून, थे सांगा."

गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला. दाराकडं बघायची माझी छाती झाली नाही. पण साहेब माणूस चांगला होता, की त्यालाही उत्तर येत नव्हतं, देव जाणे. त्यांनी कपाटातला जाडजूड शब्दकोश मागवला, चष्मा पुसून बारीक अक्षरं वाचली आणि मराठीत सांगितलं. हा शब्द मूळचा लॅटिन, अर्थ वेड, पिसाळणं. कुत्रं पिसाळतं त्या रोगाचं इंग्रजी नावही त्याच घरातलं. तेव्हा कुठं गुरुजींना धीर आला. ते संस्कृत शिकलेले. म्हणाले, आपल्या रागाचा याच्याशी काही संबंध नाही, नुसती अक्षरं जुळली. आपला राग म्हणजे मुळात रंग. माणूस लाल होतो, एवढंच.

"म्हंजे कुत्र्याचं त्याईचं, रंगाचं आपलं," मी पुटपुटले. ते साहेबांनी ऐकलं आणि पुन्हा हसले, पण ह्या वेळी मला लागलं नाही. उच्चारात नापास, अर्थात पास, असं म्हणून त्यांनी कागदावर 'पास' लिहिलं.

घरी जाताना बाबा पुढं, मी मागं. पास झाले खरी, पण भर वर्गात साहेबाला उलट बोलले होते. आज काही आपली धडगत नाही, असं धरूनच चालले होते. तलावाच्या पाळीवर बाबा थांबले.

"तुले हासले तं मले वाटलं, आत घुसून एकेकाची मानगूट धरावी," ते म्हणाले. "मी पिसाळलो असतो. तू रागे भरली."

मग थोडं चालून, माझ्याकडं न बघता म्हणाले, "गडचिरोलीले जाजो. तिथी कोनी हासलं तं रागे भरजो. पिसाळजो नोको."

मी सवयीनं त्यांच्या हातातली टोपली घ्यायला हात पुढं केला. त्यांनी ती दिली नाही.