नऊशे केबीतला अख्खा पिच्चर

काय सांगायचं मंडळी, माणूस अडाणीपणानं बुडतो म्हणतात. मी हुशारीनं बुडालो! चहा घ्या आणि ऐका.

मी लोणी देवकरला एका कंपनीत मशीनवर कामाला. पण डोक्यात पिच्चर! पहिला पिच्चर कुणावर काढायचा हा प्रश्नच नव्हता. शेळगावची माझी शकूआत्या. साठीला टेकलेली बाई, पण ट्रॅक्टर असा चालवते की बांधावरची माणसं कामं सोडून बघत बसतात. चार दिवस तिला नांगरताना, रोटर मारताना, सऱ्या पाडताना मोबाईलवर टिपली.

आता हे सगळं कापून जोडायला सॉफ्टवेअर पाहिजे. आमच्या खात्यातला सचिन सुट्टीला लग्नांचे व्हिडिओ करतो. दोन महिने त्याचं डोकं खाल्लं. रंग कसे येतात? आवाज साफ होतो का? मराठी अक्षरं फुटतात का? सतरा प्रश्न! एक सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपला झेपेना. दुसरं फुकट, पण आत्याच्या कपाळावर स्वतःचं नाव छापायचं! तिसरं घेतलं, सगळं जोडलं, 'सेव्ह' दाबलं. फाईल बघतो तर किती? नऊशे केबी!

लगेच सचिनला फोन. "तुझं एक लग्न किती जीबीचं असतं रं?"

"असतं की आठ-धा."

"माझा वीस मिनटाचा पिच्चर नऊशे केबीत बसलाय!"

"आसं कसं हुईल दत्ता? परत बघ की जरा."

"आरं, सॉफ्टवेअर निवडायला नजर लागती!" म्हटलं आणि फोन ठेवला. जळतंय बेणं, दुसरं काय!

लॅपटॉप तर गच्च भरलेला. पिच्चर तयार झाल्यावर मूळ क्लिपा कशाला सांभाळायच्या? पुसल्या. मोबाईलवरच्याही पुसल्या. काय हलकं वाटलं म्हणून सांगू!

बारामतीत नवख्यांचे पिच्चर दाखवायचा कार्यक्रम होता. आत्या ठेवणीतलं पातळ नेसून, जीपभर गाववाले घेऊन आली. तिथल्या कॉम्प्युटरवर माझी फाईल उघडेचना. मी ऐटीत म्हणालो, "तुमच्याकडं हे सॉफ्टवेअर न्हाय? अवघड हाय!" आणि स्वतःचा लॅपटॉप जोडला.

अंधार झाला. पडद्यावर आलं, 'दिग्दर्शक: दत्ता.' टाळ्या! मग पडदा लालभडक. त्यावर, 'क्लिप सापडत नाही.' मग 'लेखक: दत्ता.' परत लाल. 'छायाचित्रण: दत्ता.' लाल. 'संकलन: दत्ता.' लाल!

मागून कुणीतरी कुजबुजलं, "नव्या पद्धतीचा पिच्चर असंल." आणि मी, निर्लज्जासारखी मान डोलावली!

तेवढ्यात आत्या उभी राहिली. "आरं दत्ता, चार दिस उन्हात टॅक्टर मी चालवला, आन पडद्यावर समदीकडं तूच व्हय रं?"

हॉल हसून हसून लोळला. माझा पिच्चर बघायला आलेला सचिन धावत पुढं आला. "बाबा, तू सेव्ह केलेली फाईल म्हंजी नुसती यादी असती. कुठली क्लिप कुठं लावायची, एवढंच. वर तुझी अक्षरं. क्लिपा कुठं हायती?"

"पुसल्या."

सचिननं कपाळाला हात लावला. मला आत्याकडं बघवेना. ती मात्र जीपमध्ये बसता बसता म्हणाली, "वावर कुठं पळून गेलंय का? परत काढू. पण आता साफ्टवेर मी बघणार."

परत चार दिवस ती तशीच उन्हात राबली. तो दुसरा पिच्चर गावात देवळापुढं लावला, लोकांनी ओळीनं दोनदा बघितला. शेवटी सगळे उठून आत्यासाठी टाळ्या वाजवत होते. अभिमानानं माझी छाती अशी फुगली, की सदऱ्याचं बटण तुटायचं बाकी होतं!

आणि सॉफ्टवेअर तिनं कसं निवडलं माहितीय? जन्मात कॉम्प्युटरला हात न लावलेली बाई. सचिनसमोर बसली आणि एकच विचारलं, "ह्यात पिच्चर ऱ्हातो का?"

माझ्या सतरा प्रश्नांत तेवढा एक विचारायचा राहिला होता बघा!