आत्याने निवडलेले विषय

शेवटच्या सत्राचे विषय निवडायची वेळ आली होती आणि मी इंदूआत्याच्या फोनची वाट पाहत होते. फोन वाजला, पण तो वडिलांचा होता. "इंदू गेली गं," ते म्हणाले. सकाळी गोठ्यात झाडायला गेली, दमली म्हणून दावणीला टेकून बसली, ती उठलीच नाही... पुण्याहून शेवगावला जाणाऱ्या एसटीत मी रडले नाही. मला राग आला होता. आत्या गेली आणि तिचा दीर मात्र ठणठणीत होता. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, ते मी बोलणारच आहे. पण मागे राहिलेल्यांबद्दल चांगलं बोलायचं बंधन माझ्यावर कुणी घातलेलं नाही.

आमचं घर राहात्याकडचं, पाटपाण्यातलं. आत्या दिली शेवगावच्या पलीकडे, जिथे नवरा आणि दीर या दोघांत मिळून एकच विहीर. सामाईक विहिरीला पाळी असते. ठरलेल्या दिवशी एका भावाची मोटर चालायची, ठरलेल्या दिवशी दुसऱ्याची. आत्याचे यजमान होते तोवर हे सुरळीत चाललं. ते वारले आणि दिराने, म्हणजे भानुदासमामांनी, विहिरीला अगदी लागून आपल्या हद्दीत बोअर घेतला. आत्याच्या पाळीला त्यांनी हातही लावला नाही, हे मान्य करायलाच हवं. पाळी शाबूत होती, फक्त त्या दिवशी विहिरीत पाणी नसायचं. आत्याने गावापुढे गाऱ्हाणं मांडलं तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "इहिरीचं पानी वरचं, बोअरचं पानी खालचं. त्याचा नि ह्याचा काय संबंध?" गावाने मान डोलावली. का नाही डोलावणार? ज्याचा त्याचा बोअर कुणाच्या ना कुणाच्या विहिरीशेजारीच होता. आत्याची मोसंबीची बाग उभ्या उभ्या वाळली. ती तिने स्वतः तोडली, आणि पुढे कितीतरी दिवस तिच्या चुलीत मोसंबीचं सरपण जळत होतं.

मी शाश्वत विकासाच्या पदवीला प्रवेश घेतला तेव्हा घरात कुणालाच ते काय असतं ते कळलं नव्हतं. आत्याने मात्र फोनवर नेमकं विचारलं, "त्यात पान्याचं शिकिवत्यात का?" हो म्हटलं. मग दर सत्राला विषय निवडायची वेळ आली की तिचा फोन यायचा. मी विषयांची नावं वाचायची आणि तिने निकाल द्यायचा. मी म्हटलं, हरित पर्यटन. "भावजी काय तिथं फिराया येनार हाय व्हय? सोड." शाश्वत वस्त्रोद्योग. "लुगडी नेसून भांडन मिटत न्हाई." भूजलशास्त्र म्हटल्यावर तिने विचारलं, "म्हंजी काय?" भूजल म्हणजे जमिनीच्या पोटातलं पाणी, असं मी सांगितलं. "घे," ती म्हणाली, "आधी त्योच घे." पाण्याचे कायदे असा एक रुक्ष विषय होता, वर्गातली निम्मी मुलं त्यापासून लांब पळायची. आत्याला तो देवाच्या प्रसादासारखा वाटला. मला शहर नियोजन हवं होतं. त्यावर आमचं चांगलंच वाजलं, दोन दिवस तिने माझा फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी आपणहून म्हणाली, "एक तुझ्या मनाचा घे. बाकीचे माजे."

ती सदा चिडलेली बाई होती असं कुणाला वाटेल, तर तसं नव्हतं. नकला करून हसवायची, गावातल्या पोरींची डोहाळजेवणं हौसेने मांडायची. पण सूड ती संसारासारखा, न कंटाळता करत होती. "भांडून नुस्ती तोंडाची वाफ जाती," म्हणायची, "तू शिकून ये. तवर मी दम धरते." तो दम तिला पुरला नाही.

तिला मूलबाळ नव्हतं. त्यामुळे अग्नी दिला तो भानुदासमामांनी. ज्याने तिचं पाणी तोडलं त्यानेच खांद्यावर भरलेलं मडकं घेऊन तिला फेऱ्या घातल्या आणि मी ते पाहत उभी राहिले... दहाव्याला मला वाटलं, आता कळेल. कावळा शिवणार नाही. लोक विचारतील, हिची इच्छा काय राहिली, आणि मामांना सगळ्यांसमोर बोलावं लागेल. पिंड ठेवला, माणसं जरा मागे सरली, आणि कावळा लगेच आला. टपकन शिवून गेला. "सुटली बाई, कायबी मागं ठिवलं न्हाई," कुणीतरी म्हणालं. मामांनी डोळे मिटून हात जोडले. त्यांच्या चेहऱ्यावरची ती सुटका मी जन्मात विसरणार नाही. आत्याची इच्छा त्या कावळ्याला काय ठाऊक?

परत गेल्यावर मी शेवटच्या सत्रासाठी क्षेत्रप्रकल्प निवडला आणि जागा म्हणून आत्याची विहीर सांगितली. आमच्या मॅडम भल्या आहेत. म्हणाल्या, "अगं, प्रकल्प म्हणजे सूड नव्हे." मी म्हटलं, "आकडे खरे लिहीन, मॅडम. माझ्या विरुद्ध गेले तरी लिहीन. पण जागा बदलणार नाही." त्यांनी मोजणीची टेप काढून दिली.

मामांनी नाही म्हटलं असतं तर मी काय करणार होते? पण ते हसून म्हणाले, "कर की. एकदाचं खरं-खोटं व्हऊन जाऊ दे." गावातली जुनी माणसंही त्यांनीच बोलावली. खालच्या पाण्यावर त्यांचा खरोखरच विश्वास होता. विहिरीवरची मोटर बंद ठेवली, पाणी स्थिर असल्याचं सगळ्यांना दाखवलं, आणि मामांनी स्वतःच्या हाताने बोअर चालू केला. मी कठड्यावरून टेप सोडून बसले. आधी काहीच झालं नाही. माणसं गप्पांना लागली. मग विहिरीच्या कातळावर, पाण्याच्या वर, एक ओला पट्टा दिसू लागला. तो हळूहळू रुंद होत गेला. पाणी खाली चाललं होतं. ते दिसायला पदवी लागत नाही. माणसं कठड्याशी गोळा झाली. मामांनी उठून बोअर बंद केला, पण ओला पट्टा तसाच होता. सगळ्यांत वयस्कर गृहस्थ आत वाकून पाहत म्हणाले, "भानुदास, इंदू खरं बोलत व्हती रं."

तिने हे ऐकायला हवं होतं. मला खूप आनंद झाला, आणि तो आनंद चांगला नव्हता हेही सांगते.

 मामा खाली पाहत म्हणाले, "घरी चल, पोरी. उन्हाची आलीस. पानी तरी पी." आत्या त्या घरी कधीही पाणी प्यायची नाही. लग्नकार्याला गेली तरी घरून भरलेला तांब्या पदराआड न्यायची आणि सगळ्यांच्या देखत त्यातलंच प्यायची. माझ्याकडे तांब्या नव्हता, घसा कोरडा पडला होता. मी टेप गुंडाळत म्हटलं, "तुमच्या माठातलं पानी आत्याचंच हाय, मामा. पन तुमच्या हातानं नको."