दुर्गाची दिवाळीपर्यंतची मुदत

होस्टेलच्या एका खोलीत तीन मुली राहिल्या, की किस्से कपड्यांसारखे साचतात. रविवारी धुवायला काढावे, तर कोणता कोणाचा तेच ओळखू येत नाही. आमच्या खोलीतले मात्र बहुतेक दुर्गाचेच. आता सांगताना आम्ही हसतो. तेव्हा हसू येत नव्हतं, कारण पहिल्याच दिवशी तिच्या बाबांनी मुदत घातली होती.

मी अकोल्याची. दुर्गा चांदूर बाजारजवळच्या खेड्यातली, घरचा भाजीपाल्याचा मळा. अमरावतीला एम.एस्सी.साठी आम्ही एकाच दिवशी आलो. तिच्या बाबांनी वांग्यांचं पोतं वॉर्डनबाईंच्या दारात टेकवलं आणि म्हणाले, "बाई, पोरगी ठेवून चाललो. दिवाळीच्या सुटीले येतो. रमली तं ठीक. नाई रमली तं सामानासकट घेऊन जाईन, मंग शिक्षणाचा विषय खतम."

घरी स्थळ तयार होतं. मला हे सांगताना दुर्गा बादली विसळत होती. "पोरगा काई वाईट नाई," ती म्हणाली, "पण मले शिकाचं हाय ना वं."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच ती बाहेर जाऊन आली. कुठे, ते सांगेना. दहाला वर्गात पोचलो, तर पहिल्या बाकावर मधोमध बारदानाचा तुकडा अंथरलेला आणि वर दगड.

मॅडम आल्या. "हे काय आहे?"

दुर्गा उभी राहिली. "मॅडम, जागा धरली. बाजारात अशीच धरतात. नाई तं कोपऱ्यात बसा लागते."

सगळा वर्ग फुटला. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. दुर्गाने बारदानाची घडी घातली, ती शेवटच्या बाकावर गेली आणि पुढचे तीन दिवस वर्गात आलीच नाही. खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मला धडकी भरली. चौथ्या दिवशी मी तिला हाताला धरून ओढत नेलं.

पहिल्या बाकावरची मधली जागा रिकामी होती. मागून एक जण म्हणाला, "बस ना. तुही जागा हाय ते, कोनी बसलं नाई."

तो चेष्टा करत होता की खरंच बोलत होता, मला आजही माहीत नाही. ती बसली.

*

खोलीतली तिसरी सायली. जन्म पुण्यातला, वडिलांच्या बदलीमुळे विदर्भात आलेली. दुसऱ्याच आठवड्यात तिने वॉर्डनबाईंकडे खोली बदलून मागितली. "या दोघी सारख्या भांडतात. मला भीती वाटते."

आम्हाला बोलावणं आलं. दुर्गाचं तोंड उतरलं, कारण तक्रार घरी गेली असती तर बाबा दिवाळीची वाटही पाहणार नव्हते.

"आज सकाळी काय भांडण झालं?" बाईंनी विचारलं.

मी आठवून सांगितलं. "मी हिला म्हटलं, जेवली काऊन नाई वं? ही म्हणाली, तुले काय कराचं, तू गीळ न."

वॉर्डनबाई दर्यापूरच्या. त्यांनी सायलीकडे पाहिलं. "बाळा, ह्या एकमेकींची काळजी घेऊन राहिल्या."

*

मेसमध्ये तर तिने स्वतःहून संकट ओढवून घेतलं. एके दिवशी भेंडी चिरायला काढली होती. ही जाता जाता टोपल्याशी थांबली आणि एकेका भेंडीचं टोक मोडून पाहायला लागली. टोकं मोडेनात, नुसती वाकत होती.

"भाऊ, हे जून हाय," ती म्हणाली. "चार दिवसाची हाय."

मेसवाल्या भाऊंचा पारा चढला. सगळ्या मुलींसमोर त्यांनी तिला झापलं, आणि उद्यापासून ताट बंद म्हणून सांगितलं. दोन दिवस आम्ही आमच्या ताटातलं तिला आणून देत होतो. ती खायची नाही. म्हणायची, "मीच शहाणपणा कराले गेली."

तिसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप. बाहेर मेसवाले भाऊ, हातात दोन पिशव्या. आता काय, म्हणून मी दार अर्धंच उघडलं.

"ते भेंडीवाली उठली का? बाजारात जाऊन राहिलो, तिले म्हणा चाल."

*

एक किस्सा माझा आहे, तोही सांगून टाकते. मी अकोल्याची, शहरातली, म्हणून धीर देण्याचं खातं माझ्याकडे होतं. पण मलाही घर आठवायचं. मग मी बाथरूममध्ये जाऊन नळ पूर्ण सोडायची आणि पोटभर रडून घ्यायची. दुर्गा गेली तर आपणही टिकणार नाही, ही भीती मी कोणाला सांगितली नव्हती.

एकदा बाहेरून दुर्गाचा आवाज आला. "नळ बंद कर वं, टाकी खाली होते. रडाचं तं खोलीत बसून रड. मी कुठी जाऊन राहिली?"

*

दिवाळीला पंधरा दिवस उरले आणि अंतर्गत गुणांचं प्रॅक्टिकल आलं. दुपारी दोनची वेळ. दुर्गा सकाळी भाऊंबरोबर बाजारात गेली, भाऊ परतले, ही नाही. फोन खोलीतच चार्जिंगला. दोन वाजले, अडीच वाजले. नापास झाली तर बाबांना दुसरं कारणच लागणार नव्हतं. हातात स्लाइड धरून मी सारखी दाराकडे पाहत होते.

चारला ती आली, घामाघूम.

"मेथीवाल्या म्हातारीनं म्हटलं, माह्या दुकानावर जरा बस, मी आलीच. बसली. ते आलीच नाई. नातवाले दवाखान्यात नेलं होतं तिनं."

"अगं, उठून यायचं ना!" मी ओरडलेच.

"दुकान टाकून?"

मी तिला तशीच मॅडमसमोर नेऊन उभी केली. मॅडमनी लेखी कारण मागितलं. तिने घडलं तसं लिहून दिलं. मॅडमनी तो कागद दोनदा वाचला. "उद्या अकराला ये, एकटीचं घेईन," त्या म्हणाल्या. "आणि मेथी संपली का?"

"संपली मॅडम. पानं निसूनच देत होती मी."

*

आणि मग बाबा आले. सामान न्यायला पिकअप घेऊनच आले होते. मी आणि सायली जिन्यात उभ्या. दुर्गाने काय ठरवलंय, हे विचारायची आमची हिंमत नव्हती.

बाबा खालच्या खोलीत खुर्चीच्या काठावर बसले होते. टोपी मांडीवर. दुर्गा आत गेली, पुन्हा बाहेर आली, मेसमध्ये गेली आणि तांब्या-पेला घेऊन आली.

"घ्या बाबा, पाणी घ्या. पंख्याखाली सरका जरा, तिथं ऊन येते." मग म्हणाली, "भाऊले चाहा मांडाले सांगतो. जेवूनच जा आता, असे नका जाऊ."

बाबांनी पेला हातात धरला. प्यायले नाहीत. तिच्याकडे पाहिलं, खोलीकडे पाहिलं, दारातून डोकावणाऱ्या भाऊंकडे पाहिलं. मग सावकाश सगळं पाणी प्यायले, पेला खाली ठेवला आणि टोपी नीट केली.

"दुर्गे," ते म्हणाले, "दिवाळीले येतं का आमच्या घरी?"