अर्ध्या सेकंदाची पकड

आमच्या कपांच्या कारखान्यात कप उचलून ठेवायला यंत्राचा हात बसवला, तेव्हा त्याची रबरी बोटं जुळवायचं काम मामांकडे आलं. मामा म्हणजे आमचे फिटर, सगळ्या कारखान्याचे मामा. त्यांची बायको, आमच्या मामी, पॅकिंगला माझ्या शेजारी उभ्या असायच्या. पहिल्याच दिवशी त्या हातानं अकरा कप चिरडले.

"अहो, चोर पकडलाय का? कप आहे तो!" मामी सगळ्यांदेखत म्हणाल्या.

मामांनी शर्टाची बाही वर सरकवली. "मग धरून दाखव. किती दाबतेस?"

मामींनी त्यांचं मनगट धरलं. मामांनी अंदाजानं तेवढा दाब यंत्रात भरला आणि मनगट रबरी बोटांत दिलं. मग पुन्हा मामींच्या हातात, पुन्हा यंत्रात. आम्ही पोट धरधरून हसत होतो. जुळलं एकदाचं, तर मामींनी दुसरी खोट काढली. "कप टेकला की लगेच सोडायचा नसतो. नीट बसला की सोडायचा." मामांनी सोडण्याआधी अर्धा सेकंद थांबायची आज्ञाही भरली.

मामींना जाऊन आता तीन वर्षं झाली. तेव्हापासून रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी मामा त्या बोटांत मनगट देतात. सोडायचं बटण दाबलं तरी बोटं अर्धा सेकंद धरून राहायची. विचारलं तर म्हणायचे, "दाब तपासतोय." तपासा बापडे. मामींची आठवण मलाही फार येते, पण मला काय तपासता येणार?

गेल्या महिन्यात नवीन इंजिनिअरबाई आल्या. "मामा, कप टेकल्याचं सेन्सर सांगतो ना? मग थांबायचं कशाला? काढून टाका."

कप फुटतील, म्हणत मामांनी चालढकल केली.

"एक दिवस बघू. एक जरी फुटला तरी परत घाला," बाई म्हणाल्या. त्यांचं काही चुकत नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग आला.

तो अर्धा सेकंद मामांनी स्वतःच्या हातानं काढला. दिवसभर ते यंत्रापाशी कान देऊन उभे होते. एखादा तरी फुटू दे म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते. एकही फुटला नाही. बाईंनी मामांचं कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेले. मामांनी बाही सरकवली, मनगट दिलं. बोटं मिटली. दाब तोच होता, त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मग त्यांनी सोडायचं बटण दाबलं आणि बोटं लगेच उघडली.

"एवढ्यात सोडलंस?" मामा म्हणाले.