हॅलोमावशींचं पद्यातलं मरण

आपण वारलो आहोत हे हॅलोमावशींना कळलं एका शाळेच्या सभागृहात, पहिल्या रांगेत बसल्या असताना.

मावशी कोवळ्या वयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागल्या. वडील गेले, शाळा सुटली आणि कानाला हेडफोन लागला. समोर भोकाभोकांचा फळा, हातात वायरी. कुणाला डॉक्टर हवा, कुणाला गिरणीचा मालक. सगळ्यांची गाठ मावशींनी घालून द्यायची. त्यात जरा कुठे हात बसला, तोवर आपोआप नंबर जोडणारं यंत्र आलं आणि फळा भंगारात गेला. बाकीच्या मुली रडल्या. मावशींची दाढ ठणकत होती, त्यामुळे त्या आधीपासूनच रडत होत्या.

साहेबांनी त्यांना लोकांना तबकडी फिरवायला शिकवायच्या कामाला लावलं. लोक तबकडीच्या भोकांना तोंड लावून ओरडत, "अहो बाई, डॉक्टर द्या!" एक शिंपी तर रोज ऑफिसात येई, भावाला काय सांगायचं ते मावशींना सांगे आणि फोन झाला असं समजून घरी जाई. मावशी बिचाऱ्या त्या भावाला फोन करत. पुढे शिंप्याकडे निरोप संपले, तरी फोन चालूच राहिले. शेवटी त्या भावाशीच त्यांचं लग्न झालं.

हे सगळं त्यांनी भाचीला सांगितलं. भाची लेखिका. तिने त्यावर मुलांसाठी कादंबरी लिहिली, तीही कवितेत: जुना काळ, बदलतं गाव आणि त्यात मोठी होणारी मुलगी. पुस्तक गाजलं. मावशींनी मात्र ते वाचलं नव्हतं. "ओळी अशा मध्येच तुटलेल्या दिसल्या की मला वाटतं, लाइन कट झाली," त्या म्हणायच्या.

तर त्या दिवशी शाळेत या पुस्तकाच्या कार्यक्रमात मुख्याध्यापिका बाई गहिवरून म्हणाल्या, "या शूर मुलीला आपण उभं राहून श्रद्धांजली वाहू या." सगळे उठले. मावशीही उठल्या, मान खाली घातली. थोड्या वेळाने हळूच भाचीला म्हणाल्या, "कोण गं गेलं?"

"तू."

"मी? कधी?"

"शेवटच्या प्रकरणात. यंत्र येतं आणि तू फळ्यावर डोकं ठेवून..."

"अगं, दाढेसाठी ठेवलं होतं डोकं! आणि लग्न मग कुणी केलं?"

"मावशी, दाढदुखीवर कविता संपवता येत नाही गं."

मावशी तडक व्यासपीठावर गेल्या. "मुलांनो, ती मुलगी मीच. मी आहे अजून."

दोन वेण्यांची एक मुलगी ताडकन उभी राहिली. "खोटं! ती मेलीये. मी रडलेय तिच्यासाठी."

"मीपण! दोनदा!" मागून कुणीतरी ओरडलं.

मुख्याध्यापिका बाई घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. मावशींच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "असं ऐनवेळी नका हो करू. मुलीच्या मृत्यूची कारणं लिहा, असा प्रश्न आहे परीक्षेत. पेपर छापून झालेत."

मावशींना पेचच पडला. मुलांचं नुकसान नको, पण मरायचं तरी किती? त्या खुर्ची ओढून बसल्या आणि शिंप्याची गोष्ट सांगू लागल्या. सभागृह हसून हसून लोटपोट झालं. वेण्यांची मुलगी तेवढी गाल फुगवून होती.

"फळा नेला तेव्हा तुम्हाला काहीच नाही वाटलं?" तिने विचारलं.

मावशींनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "वाटलं ना. कितीतरी दिवस जेवताना ताटातली वाटी इकडची तिकडे करायचे. हाताला वाटायचं, कुणीतरी खोळंबलंय. आई ओरडायची, आमटी सांडते म्हणून. पण हात ऐकायचा नाही."

आता कुणी हसलं नाही. भाची पर्समध्ये पेन शोधू लागली.

शेवटी मुख्याध्यापिका बाईंनी तोडगा काढला: दोन्ही उत्तरं चालतील. मेली असं लिहिलं तर पाच गुण, जगली असं लिहिलं तर तीन, कारण ते पुस्तकात नाही. मावशी म्हणाल्या, "तीन तर तीन."

फाटकाशी वेण्यांची मुलगी पळत आली. "तुमचा नंबर द्या ना. खात्री करायला."

"कसली?"

"तुम्ही आहात ना याची."

मावशींनी तिच्या तळहातावर नंबर लिहून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फोन केला. मावशी होत्या.