बिनक्लचची मोटार

विकायला काढलेली वस्तू रोज पुसावी लागते. पुसपुसूनही ती विकली जाईना की पुसणाऱ्याचा हात जड होतो. वाशीमच्या एका जिनिंगवाल्या घरची मोटार मी अशी सहा महिने पुसली. मी तिशी ओलांडली होती, माझा डावा गुडघा वाकत नव्हता. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकापुढे मी त्या मोटारीचे गुण गात होतो आणि हा माणूस नको म्हणून निघून जावा असं मनातल्या मनात म्हणत होतो. ही दोन्ही कामं एकदम करून माणूस थकतो. मी फार थकलो होतो.

मोटार अमेरिकन होती, लांबलचक. बाजारातल्या वळणावर तिला दोनदा मागेपुढे करावं लागे. पण सगळ्या गावाला तिचं नवल वाटे ते वेगळ्याच गोष्टीचं. तिला क्लच नव्हता. पायाखाली दोनच पेडल, एक ब्रेकचं आणि एक वेगाचं. स्टिअरिंगखाली एक दांडी असे. ती एकदा सरकवली की पुढचे गेर आपले आपण पडत. डाव्या पायाला त्या मोटारीत काहीच काम नव्हतं, आणि म्हणूनच ती त्या घरात आली होती.

तिच्या आधीच्या मोटारीला क्लच होता. ती मीच चालवत असे, पण मालकांना मधूनच हौस यायची. "सरक तिकडे, मी चालोतो," म्हणायचे आणि मला बाजूला बसवायचे. एकदा रिठदच्या शेतावरून येताना नाल्याच्या चढावर त्यांनी गाडी बंद पाडली. मी बाभळीचा गुटका घेऊन खाली उतरलो. चढावर गाडी थांबली की मागच्या चाकाखाली असा गुटका लावायची तेव्हाची रीत होती. मी वाकलो होतो, तेवढ्यात मालकांनी गेर टाकायला क्लच दाबला. गाडी मागे आली आणि चाक माझ्या डाव्या गुडघ्यावरून गेलं.

दोन महिने अकोल्याच्या दवाखान्यात होतो. परत आल्यावर मी मालकांना म्हटलं, "मालक, दुसरा डायवर पहा. हा पाय आता क्लचवर चालत नाई." मालक पंधरा दिवसांनी मुंबईला गेले आणि मायदेशी परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाची ही बिनक्लचची मोटार घेऊन आले. लोक म्हणाले, जिनिंगवाल्याला पैशाचा माज आलाय. मालक सगळ्यांना एकच सांगायचे, "आराम राह्यते." माझ्या गुडघ्याबद्दल ते एक अक्षर कधी बोलले नाहीत, चुकलं असंही म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. चार वर्षं मी पुढे आणि ते मागे, असे आम्ही हिंडलो.

मग एका ज्येष्ठात मालक जिनिंगमध्ये बसल्या जागी गेले. दसऱ्यापर्यंत वाटणी झाली. जिनिंग धाकट्या भावांनी ठेवलं. बाईंना, म्हणजे मालकांच्या मागे राहिलेल्या बायकोला, रिठदची थोडी जमीन आणि ही मोटार मिळाली. वाटणीत मोटारीचा भाव धरला तो त्याच मापाच्या क्लचवाल्या गाडीचा. बाईंना तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं. मला कळत होतं, पण मला कुणी विचारलं नाही.

एक दिवस बाईंनी मला ओट्यावर बोलावलं. "भाऊ, गाडी विकाची हाय. पोरीले जूनमंदी अकोल्याले मास्तरीण व्हाच्या शाळेत घालाची म्हणतो. गाडीची सारी खोड तुमाले माहीत. तुमीच दाखवा लोकाले."

"हाव," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पहिलं गिऱ्हाईक रिसोडचे एक कापडवाले शेठ. सोबत त्यांचा डायव्हर होता, जन्म ट्रकवर घालवलेला. मी त्याला तीनदा बजावलं, "डावा पाय उचलूच नको. तो पाय झोपला हाय असं समज." त्याने तीनदा मान हलवली. बाजाराच्या वळणावर सवयीने त्याचा डावा पाय क्लच शोधायला गेला आणि सापडला तो रुंद ब्रेक. ट्रकचा क्लच दाबावा तसा त्याने तो पूर्ण जोर लावून दाबला. शेठची टोपी पुढच्या काचेवर गेली, तोंडातलं पान डॅशबोर्डवर सांडलं. स्टेशनपर्यंत त्याने हे आणखी दोनदा केलं. तिसऱ्यांदा शेठ दार उघडून खाली उतरले आणि कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले.

"ज्या गाडीत माया डायवरले सोताचाच पाय समजत नाई," ते म्हणाले, "ते गाडी मले फुकट बी नको."

पानाचे डाग काढायला मला दुपार लागली. शेठचा राग आला, त्या डायव्हरचाही आला. आणि खरं सांगायचं तर मनातून बरंही वाटलं.

पुढे येणारे सगळे साधारण एकच विचारायचे, "हिचे गेर कोठी हायेत?" मी दांडी दाखवायचो. ते दांडीकडे बघायचे, मग वाकून खाली बघायचे. गाडीतून काहीतरी काढून घेतलंय आणि ते आपल्यापासून लपवलं जातंय, अशी शंका त्यांच्या तोंडावर दिसायची. मग ते निम्मा भाव सांगायचे. मी तो आत जाऊन बाईंना सांगायचो. बाई नाही म्हणायच्या आणि मी पुन्हा फडकं घ्यायचो.

कार्तिकात जऊळक्याच्या एका ठेकेदाराने मोटार तिकडेच बोलावली. स्टेशनबाहेर मोकळ्या जागेत उभी केली, बोलण्यात तास गेला आणि निघायच्या वेळी बॅटरी बसली. आता मोटार सुरू होईना म्हटल्यावर आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. दहा माणसं गोळा झाली, टोप्या काढल्या आणि मागून ढकलायला लागली. मी ओरडून सांगितलं, "बापहो, हे धक्क्यानं सुरू होत नाई! हिले क्लच नाई!" कुणी ऐकेना. धक्क्याने सुरू न होणारी मोटार असते, हे त्यांना पटतच नव्हतं. आपलंच बळ कमी पडतंय असं त्यांना वाटलं. मग एकाने बैलजोडी आणली. दोर बांधून स्टेशनासमोर तीन फेऱ्या झाल्या. मग दुसरी जोडी आली. मी स्टिअरिंग धरून मुकाट बसून होतो आणि चार बैल ती अमेरिकन मोटार ओढत होते. आगगाडी धरायला आलेले लोक ती सोडून आम्हाला बघत उभे होते. एवढी लाज मला पाय मोडून पडलो तेव्हाही वाटली नव्हती.

शेवटी ठेकेदाराने एका ट्रकची बॅटरी मागून आणली आणि मोटार पहिल्या झटक्यात चालू झाली. तो म्हणाला, "गाडी झ्याक हाय गा. पन रस्त्यात रुसली तं हिची समजूत कोन काढन? क्लच असता तं म्या आत्ता घेतली असती." आणि निम्म्याचाही निम्मा भाव सांगून तो घरी गेला.

त्याचं चुकलं नव्हतं. आमच्या त्या रस्त्यांवर, त्या बॅटऱ्यांच्या काळात, मोटारीची अर्धी किंमत क्लचमध्येच होती. मालकांनी ती अर्धी किंमत माझ्या गुडघ्यापायी सोडली होती आणि आता तिचा तोटा बाईंच्या पदरात पडला होता. परतीच्या वाटेवर मला हे सारखं टोचत राहिलं.

पौषात अकोल्याचा एक दलाल आला. तोंडाळ माणूस, पण कामातला जाणकार होता. मोटारीखाली निजून त्याने सगळं पाहिलं आणि कपडे झटकत उठला. "मिलिटरीच्या भंगारातला गेरबॉक्स पडला हाय मायापाशी. क्लचसकट बसोतो. आठ-धा दिवसाचं काम. यवतमाळचं गिऱ्हाईक बसलंच हाय, क्लच असन तं पुरा भाव देते. जाय, बाईले सांग."

मी आत गेलो. बाई सुपात तूर निवडत होत्या. "काय म्हणे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "नेहमीचंच. निम्मा भाव."

इतकं सोपं होतं ते. खोटं बोलायला काही फार धीर लागत नाही, नुसती भीती पुरते. क्लच बसला की मोटार विकली जाणार, आणि विकली नाही तरी मी ती चालवू शकणार नव्हतो. वाकत नसलेल्या गुडघ्याचा डायव्हर कोण ठेवून घेणार? पंधरा वर्षं स्टिअरिंग सोडून मी दुसरं काही धरलं नव्हतं. घरी बायको होती, म्हातारी आई होती. या सगळ्याचा हिशोब मी त्या क्षणी केला असं मात्र नाही. मी घाबरलो आणि तोंडातून ते निघून गेलं. बाहेर येऊन दलालाला सांगितलं की बाई विचार करतो म्हणाल्या.

त्यानंतरचे अडीच महिने मला आठवले तरी शीण येतो. सकाळी मोटार पुसायची. आठवड्यातून एकदा बॅटरीसाठी स्टेशनापर्यंत नेऊन आणायची. खिडकीत बाईंची मुलगी पुस्तक घेऊन बसलेली असे. एकदा तिने विचारलं, "काका, अकोल्याच्या टेसनापासून शाळा लय दूर हाय का?" मी म्हटलं, "नाई, जवळच हाय," आणि फडकं पिळायला विहिरीवर गेलो. फडकं कोरडंच होतं. रात्री जेवण गोड लागेना. बायकोने दोनदा विचारलं, तिच्यावरही खेकसलो.

आमच्या भागात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल पाडव्याला संपतं. पाडव्याच्या आदल्या दिवशी जुने गडी मालकाच्या ओट्यावर येऊन बसतात, पुढच्या सालाचं बोलणं होतं. माझा पगारही सालानेच ठरलेला होता. त्या दिवशी रिठदचे दोन सालदार येऊन ओट्यावर टेकले होते. मला त्यांच्या शेजारी बसवेना. बाई आत गुढीसाठी कडुनिंबाचा डहाळा आणि साखरेची गाठी काढून ठेवत होत्या. मी दारात उभा राहिलो.

"बाई, म्या तुमाले खोटं सांगतलं. पौषात तो अकोल्याचा दलाल क्लच बसवून देतो म्हणे. पुरा भाव येत होता. म्या लपवलं."

बाईंनी गाठी ताटात ठेवली. "मले माहीत हाय, भाऊ. तो त्याच दिवशी मागच्या दारानं येऊन मले सांगून गेला. तुमच्या तोंडावरूनच समजलं म्हणे त्याले, का तुमी सांगसान नाई."

मी विचारलं, "मंग तुमी बोलल्या काहून नाई?"

"तुमचं साल संपलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "साल चालू असताना मानसाच्या हातचं काम काढत नाई आमच्या घरी. त्याईनं कधी काढलं नाई. मी कशी काढू?"

"अन् ते यवतमाळचं गिऱ्हाईक?"

"त्यानं होळीच्या आंधीच दुसरी घेतली. भेटन कोनी दुसरा. थोडं कमी देईन तो." आणि त्या डहाळ्याची सुकलेली पानं तोडायला लागल्या.

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नव्या सालाचंही लगेच सांगून टाकलं. रिठदच्या विहिरीवर तेलाचं इंजिन बसवणार होत्या, ते मी सांभाळायचं. त्या इंजिनाला क्लच नव्हता आणि त्याला कुठे जायचंही नव्हतं. पुढची अकरा वर्षं मी ते सांभाळलं. मुलगी जूनमध्ये अकोल्याला गेली, ठरल्याप्रमाणे. मोटार खामगावच्या एका माणसाने घेतली, आणि थोडं नाही, बरंच कमी दिलं.

त्याआधी क्लच बसवायला मोटार त्याच दलालाकडे अकोल्याला नेऊन सोडली, तीच माझी तिच्यातली शेवटची डायव्हरकी. जुना गेरबॉक्स काढून जमिनीवर ठेवला तेव्हा त्याच्यातून तांबडं तेल गळत राहिलं. बारा दिवसांनी मोटारीला तिसरं पेडल आलं. विकण्याआधी बाईंना ती एकदा बघायची होती, म्हणून वर्कशॉपचा डायव्हर ती वाशीमला घेऊन निघाला. पुढे त्याच्याजवळ मिस्त्री बसला. मग मी मागे बसलो.

त्या मोटारीत मी मागे कधीच बसलो नव्हतो. मालक नेहमी डाव्या कोपऱ्यात बसायचे, सकाळचं ऊन तिकडूनच येत असलं तरी. मी कितीदा म्हटलं होतं, मालक, उजवीकडे बसा, सावली हाय. ते हलत नसत. मी त्याच कोपऱ्यात बसलो. तिथून, पुढच्या सीटच्या पाठीवरून, डायव्हरचा डावा गुडघा दिसत होता. गेर बदलताना तो वर यायचा, खाली जायचा, पुन्हा वर यायचा. वाशीम येईपर्यंत मी तेवढंच बघत बसलो. मालकांनी चार वर्षं त्याच जागी बसून माझा गुडघा पाहिला होता, न हलणारा.